अमोनाइटवर पांढरी भुकटी का धरते?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): मादागास्करचा पॉलिश केलेला अमोनाइट सागवानी शोकेसमध्ये ठेवून दोन पावसाळे झाले. आता त्यावर मिठासारखी पांढरी भुकटी दिसते. ही बुरशी आहे का?

बुरशी नाही. अमोनाइट म्हणजे समुद्रातल्या एका नामशेष शंखधारी प्राण्याचा जीवाश्म. त्याची इंद्रधनुषी झाक म्हणजे त्या प्राण्याच्या मूळ शंखाचा थर. तो अरॅगोनाइटचा, म्हणजे चुन्याच्याच जातीचा. चुन्याला आम्ल लागले की तो झिजतो. लाकूड, प्लायवूड, एमडीएफ, सुताराचा पांढरा गोंद यांतून ॲसिटिक आम्लाची वाफ थोडी थोडी सुटतच राहते. बंद काचेआड ती कोंडते, पावसाळ्यातला दमटपणा तिला साथ देतो आणि शंखावर कॅल्शियमचे क्षार फुटतात. शंख-शिंपले जमवणारे याला ‘बाइनचा रोग’ म्हणतात. रोग म्हटले तरी तो एका नगावरून दुसऱ्यावर पसरत नाही. पण त्याच कपाटातले सगळेच चुनखडीचे नमुने धोक्यात असतात.

नग आजच बाहेर काढा. मऊ ब्रशने भुकटी झाडा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये जेमतेम ओलावलेल्या सुती कापडाने पुसा आणि सावलीत पंख्याखाली पूर्ण सुकवा. लिंबू, व्हिनेगर, पितळ घासायची पूड यांतले काहीही लावू नका. गेलेली चमक परत येत नाही, पण झीज थांबते. नवे शोकेस काच आणि पावडर-कोटिंग केलेल्या लोखंडाचे किंवा ॲल्युमिनियमचे करा. काच बसवणाऱ्याला ‘न्यूट्रल’ सिलिकॉनच वापरायला सांगा. ज्या सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरचा वास येतो, ते तेच आम्ल सोडते. नवे कपाट आठवडाभर रिकामे, दारे उघडी ठेवून मगच वापरात घ्या. सागवानीच ठेवायचे असेल तर आतून ॲल्युमिनियम फॉइलचे अस्तर लावा आणि मागे हवा खेळायला भोके पाडा.

प्रश्न (सक्करदरा, नागपूर): कॅनडाचा लाल-हिरवा अमोनाइट उन्हाळ्यात तडकून पापुद्रे सोडतो. कूलरच्या खोलीत ठेवला आहे.

कारण तुम्हीच सांगितलेत. हे नग कॅनडाच्या दक्षिण अल्बर्टा प्रांतातल्या बेअरपॉ नावाच्या खडकथरांतले, सुमारे ७ ते ७.५ कोटी वर्षांपूर्वीचे. रंगीत थर मिलिमीटरभरही जाड नसतो आणि खाली शेल, म्हणजे चिकणमातीचा ठिसूळ खडक असतो. त्यातली माती ओल शोषून फुगते, सुकली की आकसते. मे महिन्यात दुपारी कूलर चालू असताना खोली दमट, बंद केला की कोरडीठाक. हा हेलकावा रोज बसला की पापुद्रा सुटतो. नग कूलर नसलेल्या आतल्या खोलीत हलवा, शेजारी हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचे यंत्र) ठेवा. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी. आकड्यापेक्षा तो स्थिर असणे महत्त्वाचे. असा नग कधीही धुवू नका.

सुटू लागलेली कड धरायला पॅरालॉइड बी-७२ (ॲसिटोनमध्ये विरघळणारे ॲक्रिलिक रेझिन) वापरा: १०० मिली ॲसिटोनमध्ये ५ ग्रॅम. दाणे मलमलच्या पुरचुंडीत बांधून काचेच्या बरणीत रात्रभर लोंबकळत ठेवा, म्हणजे तळाशी गोळा होत नाही. बारीक ब्रशने कडेला थेंब सोडा, तो आपोआप आत ओढला जातो. ऐन दुपारी ॲसिटोन उडून जातो आणि द्रावण आत मुरत नाही. पावसाळ्यात हवेतली ओल धरून ते पांढुरके पडते. म्हणून हिवाळ्यातली कोरडी सकाळ उत्तम. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास गॅस किंवा देवघरातली समई पेटलेली नको. इन्स्टंट ग्लू नकोच. तो पुन्हा सोडवणे कठीण जाते.

प्रश्न (महाल, नागपूर): विकत घेताना नकली कसा ओळखावा?

नग हळूहळू फिरवा. खऱ्याचा रंग कोनानुसार बदलतो. रंगवलेला सगळीकडून तसाच दिसतो. १० पट भिंगातून बुडबुडे दिसले तर वर रेझिन आहे. अतिनील टॉर्चखाली गोंद भरलेल्या फटी बहुधा वेगळ्या उजळतात. थोडी डागडुजी बाजारात नेहमीची; ती सांगितली असेल तर हरकत नाही, लपवली असेल तर किंमत पाडा. अल्बर्टात जीवाश्मांवर प्रांताचा हक्क असतो, तेव्हा कॅनडाच्या नगासोबत तिथली कागदपत्रे मागा.

प्रश्न (सावनेर): आमच्या भागात असे अमोनाइट सापडतील का?

नाही. अमोनाइट समुद्रातले. नागपूरच्या टाकळीचे जीवाश्म गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे आणि वनस्पतींचे. सर्वांत जवळचे अमोनाइट मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या बाघ थरांत आहेत. तिथला प्लॅसेंटिसेरास हा कॅनडाच्या नगाचाच भाऊबंद, पण त्याला झाक नाही. अरॅगोनाइट टिकून राहणे दुर्मीळ. एरवी त्याचे कॅल्साइट (चुन्याचेच दुसरे रूप) होते आणि रंग जातो.

प्रश्न (नंदनवन, नागपूर): देवघरातल्या शाळिग्रामाशेजारी अमोनाइट ठेवून पंचामृत घातले तर चालेल?

शाळिग्रामही गंडकीतला अमोनाइटच, म्हणून मनात येणे स्वाभाविक. पण दह्यातले आम्ल रंगाच्या थराला खाते. शेजारी ठेवा, अभिषेक मात्र शाळिग्रामालाच.