अण्णा कधी ओरडले नाहीत, मग मीच का ओरडतोय?

प्रश्न: ताई नमस्कार. आमचे अण्णा मागच्या वर्षी गेले, ८१ व्या वर्षी. आयुष्यभर पहाटे २५ सूर्यनमस्कार, रात्री साडेसातला जेवण, बाहेरचं खाणं जवळपास नाहीच. आम्हाला कधी ‘व्यायाम करा रे’ म्हणाले नाहीत, पण त्यांचे मोठ्याने म्हटलेले आकडे ऐकतच आम्ही भावंडं जागी व्हायचो, आणि आज पंचेचाळिशीत मला सतरंजी टाकल्याशिवाय चैन पडत नाही. माझा मुलगा मात्र ११ वर्षांचा, पालेभाजी बघितली की तोंड वाकडं, संध्याकाळभर मोबाईल. मी पाचला उठून त्याच्या उठण्याआधी सगळं आटोपतो, मग ऑफिस, रात्री जेवताना रोज समजावतो, ओरडतो, ताट संपल्याशिवाय उठू देत नाही. शून्य उपयोग. अण्णांचं माझ्यात आलं, माझं त्याच्यात का जात नाही? (परवा माझं बीपी १५०/९५ निघालं, एवढं सगळं करून! मीठ म्हणाल तर अण्णांसारखं वरणभातावर चिमूटभर टाकतो, तेवढंच.)
– एक बाबा, नाशिक

उत्तर: नमस्कार. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहिलंय की हो, फक्त ते कंसात टाकलंय. मिठाची चिमूट घ्यायला अण्णांनी तुम्हाला शिकवलं का? नाही ना, तुम्ही समोर बसून वर्षानुवर्षं ती बघितलीत, चव घेण्याआधीच हात मिठाकडे जातो तो तसाच उतरला, नमस्कार उतरले तसाच. बापाकडून येताना चांगलं-वाईट असं निवडून येत नाही.

आता तुमचा मुलगा काय बघतो सांगा. तुमचे नमस्कार तो बघतच नाही, तेव्हा तो झोपलेला असतो! त्याच्या वाट्याला येतो तो रात्रीचा थकलेला, चिडलेला बाबा आणि समोर मेथीची भाजी, आणि त्या दोघांची त्याच्या डोक्यात कायमची जोडी जमलीये, मग मेथी आवडणार कशी.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी माहीत असतील तुम्हाला, संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार लावणारे. हुकूम काढून ते मोकळे झाले नाहीत, स्वतः रोज घालायचे आणि घरातल्यांनाही सोबत घ्यायचे. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत पुढे देशोदेशी राजदूत म्हणून फिरले आणि १९७० मध्ये त्यांनीही सूर्यनमस्कारांवरच पुस्तक लिहिलं. नुसत्या हुकमाने एवढं टिकलं नसतं असं आपलं माझं मत.

ताट संपवण्याची सक्ती मात्र आजपासून बंद करा, खरंच. अमेरिकेत लहान मुलांवर झालेला एक अभ्यास २००६ मध्ये छापून आला होता, ‘सूप संपव, सूप संपव’ म्हणून मागे लागल्यावर मुलं उलट कमी सूप प्यायली आणि कुरकुर वाढली ती वेगळीच. काय शिजवायचं, किती वाजता बसायचं हे तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याला ठरवू दे. नवी भाजी मुलांच्या पचनी पडायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ताटात यावी लागते, आपण तिसऱ्या वेळेलाच ‘याला आवडतच नाही’ असा शिक्का मारून टाकतो (मीही मारलाय, माझ्या मुलीच्या दोडक्यावर). चमचाभर वाढा, नाही खाल्ली तर गप्प बसा, आणि तुम्ही ती चवीने खा.

या वयाच्या मुलांना दिवसाला साधारण ६० मिनिटं घाम येईल असं खेळणं हवं. त्यासाठी आठवड्यातले निदान दोन दिवस तुमचे नमस्कार सकाळी सातला हॉलमध्ये घाला, त्याच्या वाटेत येतील असे, आणि आकडे मोठ्याने म्हणा. त्याला बोलवू नका. पहिले दहा-बारा दिवस तो तुम्हाला ओलांडून दात घासायला जाईल, जाऊ दे. संध्याकाळी मोबाईल काढून घेण्याआधी स्वतःचा कपाटात ठेवून बॅडमिंटनची रॅकेट घेऊन खाली उतरा, नुसतं ‘येतोस का’ एवढंच विचारा.

बीपीचं डॉक्टरांकडे नीट बघून घ्या, अंगावर काढू नका. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅम मीठ म्हणजे सपाट एक चहाचा चमचा पुरे, आणि लोणचं, पापड, फरसाण सगळं त्यातच धरायचं. तुमची चिमूट त्याच्या वर जाते. ते मिठाचं भांडं आज रात्रीच टेबलावरून उचलून ओट्याच्या वरच्या फळीवर ठेवा, मुलगा समोर बसलेला असताना.