लंडनजवळचं शांत इंग्लिश खेडं हवंय? स्टोक रोला जा

आई-बाबा भारतातून आलेत, लंडन पाहून झालंय, आता गर्दी नसलेलं एखादं साधं इंग्लिश खेडं आणि त्याच्या आसपासचं काही एका दिवसात दाखवायचंय, आईंचे गुडघे दुखतात, असा तुमचा प्रश्न आहे. बरेच जण तुम्हाला कॉट्सवोल्ड्समधलं बायबरी सुचवतील. ते सुंदर आहेच, पण उन्हाळ्यात तिथे माणसंच माणसं असतात. मी रेडिंगला राहतो. आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना ऑक्सफर्डशरमधल्या स्टोक रो या गावी नेतो.

चिल्टर्न टेकड्यांवरचं हे छोटंसं गाव. एक मुख्य रस्ता, चर्च, शाळा, पब, भोवती बीच वृक्षांचं रान. आणि रस्त्याला लागूनच एक विहीर. तिच्यावर घुमट, घुमटाखाली रहाट आणि रहाटावर सोनेरी हत्ती! ही विहीर काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी स्वतःच्या पैशाने या गावाला बांधून दिली.

झालं असं की जवळच्या इप्सडेन गावचे एडवर्ड अँडरडन रीड कंपनी सरकारच्या नोकरीत उत्तर हिंदुस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते. काशीनरेशांशी त्यांची ओळख वाढली आणि बोलता बोलता आपल्या मुलखातल्या पाणीटंचाईची गोष्ट त्यांनी सांगितली. घरातलं शेवटचं पाणी पिऊन टाकलं म्हणून एका आईने पोराला मार दिला होता, अशी ती गोष्ट. राजांनी ती लक्षात ठेवली. 1857 च्या उठावात ते इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले होते, हेही आई-बाबांना जरूर सांगा. या स्नेहाला सत्तेचं अस्तर होतंच, ते लपवून ही गोष्ट सांगू नये असं मला वाटतं. पण गावातल्या बायका-पोरांना पिढ्यान् पिढ्या या विहिरीने पाणी दिलं, तेही तितकंच खरं.

पावसाच्या देशात पाण्याची टंचाई कशी, असं बाबा विचारतीलच. हे डोंगर खडूच्या दगडाचे आहेत. पाऊस पडतो आणि खाली झिरपून जातो. माथ्यावर ना ओढा, ना झरा. चिकणमातीच्या खड्ड्यांत साचलेल्या गढूळ पाण्यावर लोक दिवस काढायचे. म्हणून विहीर 368 फूट खोल खणावी लागली. तीस मजली इमारत उभीच्या उभी आत मावेल! रुंदी मात्र जेमतेम 4 फूट. 1863 मध्ये काम सुरू झालं, सगळं माणसांच्या हातांनी, आणि 24 मे 1864 ला, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, विहीर खुली झाली. भरलेला पोहरा तळापासून वर ओढायला दहा मिनिटं लागत. कठड्याशी उभं राहून खाली पाहिलं की त्या अंधारात उतरून खणणाऱ्या मजुरांचं मला फार वाटतं. शेजारी चेरीची बाग लावली होती, तिच्या उत्पन्नातून विहिरीची देखभाल व्हावी म्हणून. राखणदाराची टुमदार अष्टकोनी खोलीही बघा. आईंना इथे काहीच चढावं लागणार नाही.

डोंगरात मुरलेलं पाणी कुठे जातं, हे पाहायचं तर गाडीने युएल्म गावी उतरा. तिथे पायथ्याशी झरे फुटतात. त्या थंड, नितळ पाण्यात वॉटरक्रेस नावाची पालेभाजी पिकवायचे. ते वाफे आजही जपलेत. बाबा शेतीतले असतील तर तिथून लवकर हलणार नाहीत. कवी चॉसरची नात अ‍ॅलिस आणि तिचा नवरा यांनी 1437 मध्ये इथे गरिबांसाठी धर्मादाय घरं सुरू केली. त्यांत अजून माणसं राहतात, आणि या नवरा-बायकोनेच काढलेली शाळाही चालू आहे. चर्चमध्ये अ‍ॅलिसची समाधी आहे: वर शांत झोपलेली अ‍ॅलिस, आणि खाली जाळीतून दिसणारं तिचंच झिजलेलं कलेवर, दगडात कोरलेलं. चर्चकडे थोडा चढ आहे.

वेळ उरला तर हेन्लीजवळचा ग्रेज कोर्ट हा जुना वाडा बघा. तिथे विहिरीवर लाकडाचं प्रचंड चाक आहे. गाढव त्याच्या आत चालत राहायचं आणि पोहरा वर यायचा. अगाथा ख्रिस्ती वाचली असेल तर चोल्सी गावच्या चर्चमागे तिची कबर आहे. वाटेत आभाळाकडे लक्ष ठेवा. दुभंगलेल्या शेपटीच्या तांबूस घारी गिरक्या घेताना दिसतात. इंग्लंडमधून त्या नाहीशा झाल्या होत्या, 1989 पासून स्पेनहून पिल्लं आणून इथे पुन्हा वसवल्या.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून रेडिंगला ट्रेनने या आणि तिथून गाडी भाड्याने घ्या. या भागात बसच्या भरवशावर राहू नका. रस्ते अरुंद आहेत, समोरून ट्रॅक्टर आला की मागे घ्यावं लागतं, सावकाश चालवा. जमल्यास एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला जा, तेव्हा बीचच्या झाडांखाली ब्लूबेल फुललेली असतात. रविवारी पबमध्ये जेवायचं असेल तर टेबल आधी सांगून ठेवा, आणि आई-बाबा शाकाहारी असतील तर तेही फोनवरच विचारा.