मोडलेली शपथ आणि सिगारेट

प्रश्न : मी ४१ वर्षांचा असून नागपूरच्या महाल भागात राहतो आणि इतवारीतील एका ठोक दुकानात हिशेब पाहतो. दिवसाला आठ-दहा सिगारेटी होतात. धाकट्या मुलीला दमा असल्याचे कळले, तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून सिगारेट सोडण्याची शपथ घेतली. ती आठवडाभरही टिकली नाही. आता घरी जाण्यापूर्वी पानठेल्यावर उभ्या-उभ्या बडीशेप चघळतो आणि बायकोशी खोटे बोलतो. लेकरासाठीसुद्धा सिगारेट सुटत नसेल, तर माझ्यात जिद्दच नाही असे समजायचे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तसे समजू नका. निकोटीन बंद झाले की चिडचिड, बेचैनी आणि तलफ पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असते आणि ती साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरत जाते. तुमची शपथ मोडली ती ऐन कठीण दिवसांत, आणि त्या दिवसांसाठी शपथेखेरीज तुमच्या हाती काहीच नव्हते. शिवाय शपथ मोडली की माणूस लपवू लागतो आणि लपवणाऱ्याला कोणी मदत करू शकत नाही. म्हणून मुलीच्या डोक्यावरचा तो भार आधी उतरवा आणि पत्नीला खरे सांगा. मात्र तिला पहारेकरी नेमू नका, कारण त्यातून फक्त भांडणे वाढतात.

कुटुंबासाठी सोडायची, हे कारण खरेच मोठे आहे. पण दुपारी चहाचा कप हातात आला आणि शेजारच्याने पाकीट पुढे केले की ते फार लांबचे वाटते. ते जवळ आणावे लागते. बडीशेपेने तोंडाचा वास झाकला जातो, शर्टात आणि केसांत मुरलेला धूर झाकला जात नाही. संध्याकाळी मुलगी धावत येऊन बिलगते ती त्याच शर्टाला. सिगारेटच्या धुराने दम्याचा त्रास बळावतो, हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलेच असेल. तेव्हा आयुष्यभराचा विचार तूर्त बाजूला ठेवून घरी परतण्याआधीची ती शेवटची सिगारेट आधी गाळा आणि पुढच्या पंधरवड्यातला एक दिवस पूर्ण सोडण्यासाठी ठरवा.

त्या दिवसासाठी तयारी हवी. तलफ बहुधा काही मिनिटांत उतरते, तेवढा वेळ पानठेल्यापासून दूर काढायचा. निकोटीनचे च्युइंगम औषधांच्या दुकानात मिळते. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर सहसा ४ मिलिग्रॅमचे, एरवी २ मिलिग्रॅमचे घेतात. ते पानासारखे सतत चघळायचे नसते. थोडे चावून गालात धरायचे असते. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. आणि सिगारेट सोडून खर्र्याकडे वळू नका, ही सूचना नागपूरकरांना मुद्दाम करावी लागते, कारण घोटलेल्या त्या पुडीतही तंबाखूच असतो आणि तिची सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण ठरते.

तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा केंद्र सरकारचा निःशुल्क क्रमांक आहे. तो सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. तिथे समुपदेशक सोडण्याचा दिवस ठरवायला आणि पुढचे दिवस निभवायला मदत करतात. हा फोन दुकानातून चोरून न करता घरून, पत्नी शेजारी बसलेली असताना करावा.