रोज डोळ्यांसमोर असलेल्या मुलाची वाढ कशी टिपायची?

प्रश्न असा आहे: मुलगी सव्वा वर्षाची आहे, दिवसभर डोळ्यांसमोरच असते, म्हणून नवीन काय शिकली ते लक्षातच येत नाही. वाढ नीट चालली आहे हे घरी कसं ओळखावं आणि नोंद कशाची ठेवावी?

सगळंच टिपायला गेलात तर पंधरा दिवसांत वही बंद पडेल. रोज होणारी दोन-तीनच कामं धरा: कपडे, जेवण, जिना. ‘तिला काय येतं’ हे लिहिण्यापेक्षा ‘आपल्याला किती कमी करावं लागलं’ ते लिहा. महिन्यातून एकदा, तारीख घालून चार ओळी पुरेत.

कपड्यांचंच बघा. वर्षाच्या आसपास मूल बाहीसाठी आपणहून हात पुढे करतं. मग मोजे, टोपी ओढून काढायला लागतं. काढणं आधी येतं, घालणं बरंच नंतर. त्यामुळे दोन वर्षांचं मूल सगळे कपडे उतरवून घरभर पळतं आणि चड्डी मात्र घालता येत नाही, यात काळजीचं काही नाही. मोठी बटणं तिसऱ्या-चौथ्या वर्षी, बुटाची नाडी पाच-सहाच्या सुमारास. ‘मोजा काढला’ एवढंच लिहू नका. ‘टाचेपर्यंत मी सरकवला, पुढचा तिने ओढला’ असं लिहा, म्हणजे पुढच्या महिन्यातला फरक कळतो. घाईच्या सकाळी मात्र हे बघायला जाऊ नका. तेव्हा आपणच हात बाहीत कोंबतो आणि तिला काय जमतं ते दिसतच नाही.

जेवताना या वयात भरलेला चमचा तोंडाशी येईपर्यंत उलटा होतो. चमचा मुठीत धरलेला असतो आणि मनगट अजून हवं तसं वळत नाही, म्हणून. सांडतं म्हणून चमचा काढून घेतलात तर सराव थांबतो. आखूड, जाड दांड्याचा चमचा द्या आणि दाटसर पदार्थाने सुरुवात करा. दुसऱ्या वर्षी खाणं कमी झाल्यासारखं वाटतं, तेही साहजिक आहे: पहिल्या वर्षात सहा-सात किलो वाढलेलं वजन दुसऱ्या वर्षात साधारण दोन-अडीच किलोच वाढतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती समज तपासताना. ‘बूट आण’ म्हणताना आपण बुटाकडे बघतो, हात करतो, आणि मूल शब्दाऐवजी आपली नजर वाचतं. म्हणून हात मागे घ्या, नजर तिच्याच चेहऱ्यावर ठेवा, एकदाच म्हणा आणि मनात दहा आकडे मोजा. लगेच दुसऱ्यांदा सांगू नका, तिला विचार करायला तेवढा वेळ लागतो. अशी एक साधी सूचना खुणेशिवाय दीड वर्षाच्या सुमारास कळायला हवी.

शब्द मोजताना उच्चार शुद्ध हवा असं नाही. कुत्र्याला दर वेळी ‘भू’ म्हणत असेल तर तो शब्द धरा. घरात दोन भाषा असतील तर दोन्हींतले शब्द मिळून मोजा. दोन वर्षांपर्यंत साधारण पन्नास शब्द आणि ‘पाणी दे’सारखी दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते. बोलणं मागे वाटलं तर आधी कानांची तपासणी करून घ्या. ‘दार आपटलं की दचकते, म्हणजे ऐकू येतं’ हा तर्क चालत नाही: मोठा आवाज कळतो, पण स, श, फ सारखे बारीक आवाज निसटतात, असं होऊ शकतं.

उंचीबद्दल थोडक्यात. दोन वर्षांपर्यंत झोपवून मोजतात, नंतर उभं करून. त्याच मुलाची उभ्याने उंची सुमारे 0.7 सेंटीमीटर कमी भरते, त्यामुळे दोन वर्षं ओलांडताना वाढ थांबल्याचा भास होतो. दर आठवड्याला मोजण्यात अर्थ नाही, मोजण्यातली चूकच त्या वाढीपेक्षा मोठी असते. तीन महिन्यांनी एकदा पुरे. 2006 पासून वापरात असलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यावर बिंदू वरच्या रेघेवर आहे की खालच्या, यापेक्षा तो आपल्याच रेघेच्या जवळपास चालतोय का, ते महत्त्वाचं. मूल दिवस भरण्याआधी जन्मलं असेल तर दोन वर्षांपर्यंत तेवढे आठवडे वयातून वजा करा.

शेजारच्या मुलाशी तुलना का नको, ते एका आकड्यावरून कळेल: निरोगी मुलं आधाराशिवाय चालायला सुमारे 8 ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान कधीही लागतात. जिना चढताना दोन वर्षांचं मूल प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवतं, तिसऱ्या वर्षी एकाआड एक पाय टाकून चढतं, तसंच उतरणं आणखी उशिरा.

आता वाट बघत बसू नये अशा गोष्टी. दीड वर्षाची होऊनही चालत नाही, हवं ते किंवा आवडलेलं बोटाने दाखवत नाही, नावाने हाक मारल्यावर बहुतेक वेळा वळत नाही, किंवा आत्तापासूनच एकच हात वापरते आणि दुसरा टाळते. आणि वय काहीही असो, येत असलेले शब्द किंवा हालचाल नाहीशी झाली, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

जाताना मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं चित्रण घेऊन जा, कारण दवाखान्यात मूल बुजतं आणि घरी करतं ते करत नाही. ते घेताना मागून ‘दाखव ना, कर ना’ म्हणू नका. कॅमेरा बाजूला टेकवून ठेवा आणि तिला खेळू द्या.