कपडेपटातून : यावेळची पत्रे स्मिता पाटीलची

2024च्या जूनमध्ये 'मंथन' पुन्हा थिएटरात लागला, तेव्हा मी तो पाहून आले आणि त्यावर याच पानात चार ओळी लिहिल्या. एवढ्या वर्षांनी, डागडुजी केलेल्या स्वच्छ प्रतीत तिचा चेहरा पडद्यावर आला आणि मला रडू आवरेना, एवढेच लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा अजून माझ्या टेबलावर आहे, म्हणून यावेळचे सगळे पान स्मिताला.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी पस्तीस वर्षे नाटक, सिनेमा आणि मालिकांचा कपडेपट सांभाळला. पडद्यावर माणूस आला की माझी नजर आधी त्याच्या कपड्यांवर जाते आणि मग चेहऱ्यावर. माझी उत्तरे त्या नजरेतूनच आलेली आहेत.

मोबाइलवर सारखे येते की स्मिता पाटील जीन्सवर साडी नेसून बातम्या वाचायची. हे खरे का? आणि ती टीव्हीचीही नटी होती का?
*– एक वाचक (वय 22), नागपूर*

जीन्सची गोष्ट तिच्या जवळच्या लोकांनी अनेकदा सांगितली आहे, त्यामुळे ती खोटी मानायचे मला कारण दिसत नाही. बातम्या वाचणारी बाई पडद्यावर कमरेपर्यंतच दिसायची, खाली काय आहे ते कोण पाहणार?

पण मला आठवते ते वेगळे. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. आमच्या लालबागच्या चाळीत मजल्यावर एकच टीव्ही होता, लाकडी सरकत्या दारांचा. आम्ही पोरे त्या घराच्या उंबऱ्याबाहेर बसून पाहायचो. चित्र काळेपांढरे. संध्याकाळच्या मराठी बातम्यांना ही मुलगी यायची, काठाची साडी आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. आई म्हणायची, "ही आपल्यातली वाटते गं." आपल्यातली म्हणजे काय ते मला तेव्हा कळले नाही. पुढे कपडेपटात आल्यावर कळले. तिचा पदर खांद्यावर नुसता असायचा. तो सारखा सावरावा, नीट बसला आहे की नाही पाहावे, असे तिला वाटत नसे. नव्या मुलीला साडी नेसवली की पहिले दोन तास तिचा हात पदरावरच असतो. तो हात खाली आणायला मला कितीदा किती समजवावे लागले आहे!

श्याम बेनेगलांनी तिला टीव्हीवर बातम्या वाचतानाच पाहिले आणि तिथून तिचा सिनेमा सुरू झाला. त्याआधी, 1974 साली, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अरुण खोपकरांच्या 'तीव्र मध्यम' या पदविकेच्या लघुपटात तिने काम केले होते. टीव्हीची म्हणाल, तर सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या कथेवरून 'सद्गती' केला, 1981 साली. जेमतेम पाऊण-एक तासाचा. त्यात ओम पुरींच्या बायकोचे, झुरियाचे काम तिचे. तिच्या वाट्याला संवाद फार नाहीत. नवरा पंडिताच्या दारात लाकूड फोडता फोडता मरतो आणि ही त्याच दारात येऊन आक्रोश करते. मी तो एकदाच पाहिला आणि पुन्हा पाहायचे धाडस केले नाही.

स्मिताताई आमच्या खानदेशच्या, याचा आम्हाला अभिमान आहे. त्यांनी अभिनयाचे शिक्षण कुठे घेतले?
*– एक शिक्षिका, शिरपूर*

मूळ खानदेशचे, हे बरोबर. तिचा जन्म मात्र पुण्याचा, 17 ऑक्टोबर 1955. वडील शिवाजीराव गिरधर पाटील स्वातंत्र्यसैनिक, पुढे राज्यात मंत्री. आई विद्याताई समाजकार्यातल्या. पुण्यात रेणुका स्वरूप शाळा आणि राष्ट्र सेवा दल, असे तिचे लहानपण गेले.

अभिनयाच्या शाळेत ती गेली नाही. पण बाई, सेवा दलाचे कलापथक म्हणजे लहान शाळा नव्हे. गावोगाव जायचे, मिळेल त्या पटांगणात उभे राहायचे, समोर शेतावरून आलेली माणसे. त्यानंतर 1975चा 'चरणदास चोर' हा सिनेमा, तोही छत्तीसगडात, हबीब तनवीर यांच्या लोककलावंतांबरोबर. त्यात ती राजकन्या होती. ज्यांना नाटक श्वासासारखे येते अशा माणसांमध्ये वीस वर्षांची मुलगी उभी राहिली, तर ती शिकेल नाहीतर काय? तुमच्या शाळेत मुलींची नाटके बसवत असाल, तर एकदा शाळेबाहेर न्या, आठवडी बाजारात करा.

'चक्र'मधला उघड्यावरच्या अंघोळीचा प्रसंग मला कधीच आवडला नाही. एवढ्या गुणी नटीने तो का केला असेल?
*– एक ज्येष्ठ वाचक, मिरज*

काका, राग मानू नका, पण मी तुमच्याशी सहमत नाही, आणि माझ्या मनात असलेले तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

'चक्र' जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा. मुंबईच्या झोपडपट्टीतली ती बाई. तिच्या घरात न्हाणीघर नाही, पाणी नळावरून आणायचे, मग ती अंघोळ कुठे करणार? आमच्या चाळीत निदान मोरी होती. रस्त्यापलीकडच्या वस्तीत तीही नव्हती. पहाटे अंधार असताना त्या बाया नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावर पाणी घ्यायच्या, ओल्या लुगड्यावर कोरडे लुगडे गुंडाळायच्या आणि आतले सोडून द्यायच्या. एक बोट अंग दिसायचे नाही. ही कला आहे, आणि ती गरजेतून आलेली आहे. स्मिताने तो प्रसंग त्या बाईचा रोजचा उद्योग म्हणून केला आहे. तिच्या चेहऱ्यावर बघा, तिथे दिवसभराच्या कामाचा विचार दिसतो. दोष जाहिरातीचा. तेच एक चित्र उचलून भिंतीभिंतीवर लावले, आणि लोकांनी सिनेमाऐवजी भिंत पाहिली.

त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तिचा दुसरा. पहिला 'भूमिका'चा, 1977 सालचा. तेव्हा ती बावीसची होती! 'भूमिका' हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावर आधारलेला. शिकाऊ असताना मी तो केवळ लुगड्यांसाठी तीनदा पाहिला. सुरुवातीलाच ती स्टुडिओत नऊवारी नेसून नाचते. ते नेसणे नाचणारीचे, कासोटा घट्ट, निऱ्या बेतशीर. पुढे तीच बाई घरात साडी नेसते आणि वय वाढत जाते तशी तिची पाठ, तिचे बसणे, पदराची पकड, सगळे बदलत जाते. कपडे देणारा कपडे देतो. त्यात राहायचे ते नटीने.

आमची मुलगी बंगळुरात वाढली, मराठी जेमतेम समजते. तिला स्मिताचा कुठला सिनेमा आधी दाखवू?
*– एक आई, बंगळुरू*

'जैत रे जैत'. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, ना. धों. महानोरांची गाणी, हृदयनाथांचे संगीत. गाणीच इतकी आहेत की मराठी कमी समजले तरी अडणार नाही. गुडघ्यापर्यंत खोचलेल्या लुगड्यातली ठाकरांची चिंधी डोंगर चढताना पाहिली की मुलगी स्वतःच पुढचा सिनेमा मागेल.

मग 'उंबरठा', पण तो तुम्ही तिच्याशेजारी बसून पाहा. 1982 साली मी तो आईबरोबर दादरला पाहिला. सुलभा महाजन सासर, नवरा, लहान मुलगी मागे ठेवून परगावी स्त्रियांच्या सुधारगृहाची नोकरी धरते. बाहेर पडल्यावर आई पोर्तुगीज चर्चपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "तिनं बरं केलं की वाईट, ते मला विचारू नकोस. पण पहिल्या रात्री तिकडे तिला झोप लागली असेल का गं?" माझ्या आईने उभ्या आयुष्यात एक रात्रही एकटीने बाहेर काढली नव्हती.

माझी मुलगी 19 वर्षांची आहे. एकांकिका केल्या, आता मुंबईत एका मालिकेत नायिकेच्या मैत्रिणीचे काम मिळते आहे. रंगाने सावळी आहे. लुक टेस्टला तिला दोन छटा गोरी केली आणि "टीव्हीवर असेच लागते" म्हणाले. ती हिरमुसली आहे. तुम्ही स्मिताबद्दल लिहिता म्हणून विचारते, पाठवू का नको?
*– एक आई, इचलकरंजी*

ताई, तुमचे पत्र मी तीनदा वाचले.

आधी व्यवहाराचे. मालिकेची शिफ्ट बारा तासांची म्हणतात, त्यात घोडबंदर रोड, मिरा रोड नाहीतर गोरेगावची फिल्मसिटी, जाण्यायेण्याचे दोन-तीन तास वेगळे. त्यामुळे खोली सेटजवळ घ्या, मग भाडे थोडे जास्त पडले तरी चालेल. पैसे दिवसावर ठरतात आणि हातात यायला बहुतेक ठिकाणी नव्वद दिवस लागतात. म्हणजे पहिले तीन-चार महिने तुम्हालाच पैसे पाठवावे लागतील, हे धरूनच चाला. महिन्याला किमान किती दिवस काम, ते करारात लिहून घ्या, कारण मैत्रिणीचा ट्रॅक, म्हणजे तिचे उपकथानक, कधी थांबेल ते टीआरपीवर असते. करार इंग्रजीत असेल तर ओळखीच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. कामासाठी कुणी उलट पैसे मागितले, तर तिथूनच परत फिरा. नटनट्यांची 'सिंटा' ही संघटना आहे, तिच्या सभासदत्वाची चौकशी आत्ताच करून ठेवा.

आता रंगाचे. मी हे सेटवर वर्षानुवर्षे पाहिले आहे. चेहरा गोरा करतात, मग मान वेगळी दिसते म्हणून मान, मग हात. दुपारी घामाने कोपराजवळ ओघळ येतो आणि माझ्या ब्लाउजच्या बाहीला पिवळट डाग. तो डाग धुताना मला नेहमी त्या मुलीचे वाईट वाटायचे. स्मिता सावळी होती. 'मंथन' आणि 'भूमिका'त गोविंद निहलानींच्या कॅमेऱ्याने तो सावळा रंग जसाच्या तसा घेतला, आणि आज अर्धशतकाने तो नव्या प्रतीत पाहून मी थिएटरात रडले. तुमच्या मुलीला 'मंथन'मधली स्मिताची बिंदू दाखवा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये काढून तो सिनेमा उभा केला, आणि बिंदू त्यांच्यातलीच वाटते. गोरी केली असती तर वाटली असती का?

मी एकदा एका मालिकेसाठी शेतमजूर बाईची लुगडी तयार केली होती. नवे कापड सोड्याच्या पाण्यात उकळले, दोन दिवस उन्हात टाकले, काठ दगडावर घासले, शेवटी चहाच्या पाण्यातून काढले. आठ दिवसांची मेहनत. सकाळी निर्मितीकडून निरोप आला की पडदा उजळ दिसला पाहिजे, नवी कोरी लुगडी आणा. मी आणली, कारण माझे घर त्यावर चालायचे. ती सल अजून आहे. म्हणून तुमच्या मुलीला मी "भांडून ये" असे सांगणार नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीने पहिल्या दिवशी भांडायचे नसते. पण रंगभूषेच्या खुर्चीत बसल्यावर शांतपणे "दादा, माझ्या हाताच्या रंगाला जुळेल असे करा ना" एवढे म्हणता येते. हात आणि चेहरा जुळला नाही तर कॅमेऱ्यात दिसते, हे रंगभूषाकारालाही माहीत असते. माझ्या अनुभवात दहातले सहा तरी ऐकतात.

आणखी एक. स्मिता 13 डिसेंबर 1986 रोजी गेली, बाळंतपणानंतर पंधरा दिवसांनी, वय अवघे 31. तेव्हा मी एका नाटकाच्या दौऱ्यात ट्रंका भरत होते. बातमी कळली आणि हातातली पैठणी तशीच राहिली. पुढच्या वर्षी 'मिर्च मसाला' आला. शेवटी कारखान्यातल्या बाया सुभेदारावर तिखट उधळतात आणि स्मिताची सोनबाई हातात विळा घेऊन उभी असते, त्या नजरेपुढे मला अख्खे थिएटर गप्प झालेले आठवते. अकरा-बारा वर्षांत तिने मराठी, हिंदी, बंगाली, मल्याळम एवढ्या भाषांत काम केले. 'नमक हलाल'सारखे धंद्याचे सिनेमेही केले. तिने ते का केले असे विचारणाऱ्यांना मी एवढेच म्हणते की कामाला कमी-जास्त लेखणे आपल्याला घरी बसून सोपे जाते. तुमच्या मुलीलाही मैत्रिणीचे काम कमी वाटू देऊ नका. 'निशांत'मध्ये स्मिताही दुय्यम भूमिकेतच होती.

पाठवा तिला. करार तेवढा वाचून घ्या. आणि बॅगेत तुमच्या वापरातल्या दोन सुती साड्या ठेवा, धुऊन मऊ झालेल्या. नव्या नकोत. रात्री खोलीवर त्या नेसून तिला केर काढू दे, पाणी भरू दे, भाकरी थापू दे. पंधरा दिवसांत तिचा हात पदरावरून खाली येईल. मग मला पुन्हा पत्र लिहा.