मँचेस्टरला कोच दोषी, पेठेत मात्र मित्र

आक्का,

मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला, वय 36. आमच्या तालमीच्या टीमची फुटबॉल मॅच असली की दुकानाचं शटर खाली आणि मी शाहू स्टेडियमवर. यंदा टीमची अवस्था बघवत नाही. बाहेरून एक उंचापुरा फॉरवर्ड आणलाय, त्याचा खर्च एका मोठ्या देणगीदारानं उचललाय. आमची चाल एकच, मागून बॉल उचलायचा आणि त्याच्या डोक्यावर टाकायचा. मध्ये, म्हणजे मिडफिल्डला, दोघंच. समोरचे मध्ये तिघं खेळवतात आणि बॉल आम्हाला दिसतच नाही.

त्या दोघांतला एक माझा लहानपणापासूनचा दोस्त. शिरोलीला फौंड्रीत आहे, मॅचच्या दिवशी फर्स्ट शिफ्ट करून येतो. एकेकाळी त्याचा पास बघायला लोक यायचे, आता उत्तरार्धात तो नुसता उभा असतो. गेल्या मॅचला त्याच्या पायातून बॉल सुटला आणि गोल झाला. रागाच्या भरात मी स्टेटस ठेवला : ‘ज्यांची पेन्शन सुरू झाली त्यांनी मैदानात जागा अडवू नये.’ नाव नव्हतं, पण सगळ्यांना कळलं. त्याहून वाईट म्हणजे माझा नऊ वर्षांचा पोरगा गॅलरीत माझ्या शेजारी उभा राहून त्याच्या नावानं ओरडला, ‘काका, घरी जावा!’ त्यानं वर बघितलं. तेव्हापासून तो कट्ट्यावर येत नाही, फोन उचलत नाही.

कोच आमचे आबा. त्यांनीच आम्हा दोघांना गांधी मैदानावर शिकवलं, त्यांना कोण बोलणार? मी मँचेस्टर युनायटेडचाही फॅन, तिकडंही तेच रडगाणं. बायको म्हणते, तुमचा फुटबॉल घराबाहेर ठेवा. मॅच बघणं सोडून देऊ का? आणि दोस्ताला ‘आता थांब’ म्हणून सांगणं हे मित्राचंच काम नव्हे का? तुम्हाला फुटबॉलमधलं किती कळतं माहीत नाही, पण दुसरं सांगू कुणाला?

– पेठेतला एक सपोर्टर

भावा,

तुझ्या शेवटच्या वाक्याचं आधी मिटवू. माझं माहेर मंगळवार पेठेतलं. मॅचच्या दिवशी आमच्या घरात जेवणं लवकर उरकायची, आणि हरून आलेल्या माणसांना चहा विचारायचा की नाही हे त्यांच्या चपला काढण्याच्या आवाजावरून ठरायचं. तेव्हा मला समजावून सांगायच्या भानगडीत पडू नकोस. तुझं पत्र मला पुरतं कळलंय, कदाचित तुला कळलंय त्यापेक्षा जास्त.

चालीबद्दल तू लिहिलंयस ते बरोबर आहे. मध्ये आपले दोघं आणि त्यांचे तिघं असले की त्यांचा एक कायम मोकळा राहतो. तुझा दोस्त त्या मोकळ्यावर धावला की ज्याला सोडून आला तो मोकळा. नाही धावला तर लोक म्हणणार, उभा आहे. वर तुमचा बॉल हवेतून जाणार. त्या उंच गड्यानं डोकं लावलं तरी बॉल पडतो कुठं? मधेच पडतो, आणि तिथं पुन्हा दोनाला तीन. बॉल वर गेला की याची पळापळ पुढं, हुकला की तेवढीच मागं. पायात बॉल येतो तो फक्त घाईचा, अंगावर माणूस घेऊन. ज्याचा पास बघायला लोक यायचे त्याला पास द्यायला बॉलच मिळत नाही, आणि तो म्हातारा झाला असं आपण म्हणायचं!

आणि हे सगळं कधी? सकाळभर फौंड्रीत भट्टीच्या धगीला उभं राहून, तिथनं पंचगंगेचा पूल ओलांडून थेट स्टेडियमवर, चारच्या उन्हात. उत्तरार्धात तो उभा असतो म्हणतोस. बाबा, तो उभा आहे हेच मला जास्त वाटतं.

म्हणजे तुझ्या दोस्ताची सुटका तुझ्याच पत्रात आहे. तू ती लिहिलीस आणि तुझ्याच ध्यानात आली नाही.

का आली नाही, ते सांगते. मँचेस्टरबद्दल तू पानभर लिहिलं होतंस. जागेअभावी मी ते वर छापलं नाही, पण वाचलं मात्र चवीनं. युनायटेडचे जुने कोच फर्ग्युसन 2013 साली लीग जिंकून निवृत्त झाले आणि त्यानंतर ती ट्रॉफी घरात आली नाही, हे तुझं दुःख जुनं आहे. ताजी जखम 2024-25 च्या मोसमाची. नोव्हेंबरात रुबेन अमोरिम कोच म्हणून आले, मागं तीन आणि मधोमध दोनच माणसं अशी मांडणी घेऊन. संघ 42 गुणांवर 15व्या नंबरला राहिला, वर बिल्बाओला युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमनं 1-0 नं नेली. त्यावर तुझं वाक्य असं : ‘दोन माणसांत मिडफिल्ड चालवायला लावल्यावर ब्रुनो फर्नांडिस तरी काय करणार?’

हे वाक्य तुझं आहे, माझं नव्हे.

युनायटेडचा मिडफिल्डर मॅकटॉमिने, त्याच्याबद्दलही तू तळतळून लिहिलंयस. ज्याला घरची गॅलरी नावं ठेवायची, त्याला ऑगस्ट 2024 मध्ये नापोलीला विकला. तिकडचे कोच कोन्ते, त्यांनी त्याला गोलकडं घुसायची मोकळीक दिली. त्यानं लीगमध्ये 12 गोल मारले, नापोलीनं इटलीची लीग जिंकली आणि मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचंच नाव निघालं. पाय तेच, माणूस तोच, वर्षही उलटलं नव्हतं. ‘आपल्याला वापरता आला नाही’ असा निकाल तू मँचेस्टरवर ठोकलास. हजारो मैलांवरच्या गड्याला एवढा न्याय देतोस, आणि ज्याच्याबरोबर एका डब्यात जेवलास त्याला पेन्शनर म्हणतोस.

तिकडं कोचला दोष देणं सोपं होतं, कारण अमोरिम काही शिवाजी पेठेत दूध घ्यायला येत नव्हते. इकडं कोच म्हणजे आबा. आपल्या टीमा तालमींच्या, आणि तालमीत वस्तादापुढं तोंड उघडायचं नसतं हे आपल्याला मातीतनंच शिकवलेलं. कुस्तीत ते ठीकही होतं. तिथं पडला तो एकटा पडला, कारण शोधायला लांब जावं लागत नाही. फुटबॉल त्याच तालमींत वाढला आणि सवय तीच राहिली : हरलो की एक माणूस धरायचा. आबांना बोलायची छाती नाही, देणगीदाराला बोलायची सोय नाही, बाहेरून आणलेल्या पोराला बोलून काही होत नाही. उरला कोण? जो उलटून बोलणार नाही असा आपला माणूस. राग चालीचा होता, तो सोसणाऱ्यावर निघाला.

आता करायचं काय. स्टेटस चोवीस तासांत गेला असं समजून गप्प बसू नकोस, त्याचे स्क्रीनशॉट पेठेत अजून फिरत असणार. अपमान चारचौघांत झाला, तर माफीचा निदान एक शब्द चारचौघांत पडायला हवा. तालमीच्या ग्रुपवर एक ओळ लिही : मी जे लिहिलं ते चुकीचं होतं, त्याची माफी मागतो. पुढं ‘पण’ लावू नकोस. चालीचं विश्लेषण त्या ओळीखाली तर अजिबात नको. कुणी हसायची स्माईली टाकली तर टाकू दे.

मग त्याच्याकडं जा. घरी नको. घरी त्याची आई ‘असू दे रे पोरांनो’ म्हणून चहा पुढं करेल आणि बोलायचं ते राहूनच जाईल. कट्ट्यावरही नको, तिथं ऐकायला चार जण आणि पुढं सांगायला चाळीस. फर्स्ट शिफ्ट सुटायच्या वेळी शिरोलीला जा. तो गेटमधनं बाहेर पडताना कसा दिसतो ते बघ. इतक्या वर्षांत कधी गेलायस का तिथं? पत्रावरून तरी वाटत नाही. नंतर गंगावेशीत दूध कट्ट्यावर ग्लासभर दूध घ्या, नाहीतर गाडीवर बसूनच बोला, ते तुमचं तुम्ही ठरवा. तो लगेच हसून खांद्यावर हात टाकेल अशी आशा धरू नकोस. शिव्या घातल्या तर बरंच. काहीच बोलला नाही तर मात्र आठवड्यानं पुन्हा जा.

माझ्या अंदाजानं त्याला स्टेटस तेवढा लागला नसेल. तुझं पोरगं लागलं असेल. बारशाला ज्याला मांडीवर घेतलं असेल ते पोर गॅलरीतनं नाव घेऊन घरी जा म्हणतं, तेव्हा माणसाला कळतं की दोस्ताच्या घरात आपल्याविषयी काय बोलणं चालतं. पोराला रागावू नकोस. ते त्याचं वाक्य नव्हतं, तुझं होतं, फक्त आवाज बारीक होता. त्याला पुढं करून ‘काकांची माफी माग’ असलं नाटकही नको. त्यापेक्षा पुढच्या मॅचला शेजारी बसव आणि सांग, आपले मध्ये किती आणि त्यांचे किती ते मोज. नऊ वर्षांच्या पोराला तेवढं येतं. आणि तू ओरडायचंच असेल तर चालीवर ओरड, खाली बॉल ठेवा म्हणून घसा फोड. शाहू स्टेडियमवर गप्प बसा असं सांगणारी मी कोण? फक्त नाव घेऊन नको.

‘आता थांब’ म्हणून सांगणं मित्राचं काम आहे का, हे तू विचारलंस. आहे, पण त्यानं विचारलं तर. छत्तिसाव्या वर्षी आपले पाय कुठं कमी पडतात हे खेळणाऱ्याला गॅलरीच्या आधी कळतं. सकाळी जिना उतरताना कळतं. तरी तो येतो म्हणजे काहीतरी असेल : आबांचा शब्द असेल, मागं तयार पोरगा नसेल, नाहीतर आठवड्यातला तेवढाच वेळ भट्टीपासून लांब मिळत असेल. ते कारण तुला ठाऊक नाही, कारण तू विचारलं नाहीस. आणि आधी तिसरा गडी मिळून बघू दे, मग त्याच्या वयाचा हिशोब मांडू.

आबांचं जरा नाजूक आहे. मॅच संपल्यावर जाऊ नकोस, हरल्यावर तर मुळीच नको. पोरांसमोर बोलू नकोस. सकाळच्या प्रॅक्टिसला लवकर जा, कोन मांडायला हात लाव, आणि ज्ञान न पाजळता विचार, ‘आबा, वरचा एक कमी करून मध्ये तिसरा दिला तर?’ ते म्हणतील, मग तूच खेळ की. म्हणू देत. तिसरा कोण, हे विचारलं तर नाव तयार ठेव. तुझ्या पत्रात तक्रार भरपूर आहे, पण एकाही पोराचं नाव नाही. राखीव पोरांतला कोण पळतो, कोण बॉल खाली ठेवतो, हे बघायला एकदा प्रॅक्टिसला जावं लागेल आणि दुकान उशिरा उघडावं लागेल.

मला एक शंका आहे, ती सांगून ठेवते. ही चाल कदाचित आबांची नसेलच. पैसे घालून फॉरवर्ड आणला की पैसे घालणाऱ्याला तो मैदानावर दिसायला हवा असतो, आणि दर दोन मिनिटांनी त्याच्याकडं बॉल गेलेला दिसायला हवा असतो. जुना कोच अशा वेळी वाद घालत नाही, मुकाट खेळवतो. तसं असेल तर त्यांच्याशी बोलून फार हाती लागणार नाही, आणि त्यांना अजून एका बाजूनं टोचण्यात अर्थ नाही. आणलेल्या पोरावरही राग काढू नकोस. तो कुठल्यातरी भाड्याच्या खोलीत राहतो, आपल्या भाषेतल्या शिव्या तेवढ्या आधी शिकतो आणि उंचावरनं आलेल्या बॉलवर दोन बॅकांच्या मधे डोकं घालतो. त्यालाही पायात पास मिळाला तर आवडेल.

मॅच बघणं सोडू का, हे तू मनापासून विचारलेलं नाहीस, त्यामुळं मीही त्यावर वेळ घालवत नाही. बायकोचं मात्र ऐक. हरलेल्या दिवशी घरी यायच्या आधी रंकाळ्याला एक चक्कर मार, गाडी न घेता.

राहिला देणगीदार. त्याच्याविषयी बोलायची जागा म्हणजे मोसम संपल्यावरची मंडळाची बैठक. खेळाडू कोण आणायचा हे पैसे देणारा सुचवेल, पण खेळवायचा कसा हे कोच ठरवेल, एवढं एकच तिथं मांड. एकटा उभा राहू नकोस, दोन-चार जुने खेळाडू आधी बोलून तयार ठेव. दोस्त तोवर बोलायला लागला असेल तर त्यालाही ने. आणि यंदाची वर्गणी भरलीयस ना? पावती खिशात असू दे. वर्गणी थकलेल्या माणसाला आपल्या बैठकीत बोलू देत नाहीत.

– आक्का