आठ वाटसरू आणि तुमची पत्रं : 'ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर 2'

गेल्या अंकात मी 'ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर 2' या व्हिडिओ गेमबद्दल लिहिलं होतं आणि म्हटलं होतं की जुन्या वळणाच्या फँटसी आरपीजींमध्ये, म्हणजे एखादं पात्र होऊन त्याची गोष्ट जगायच्या गेममध्ये, पहिल्या भागातल्या चुका इतक्या मनावर घेतलेला दुसरा भाग मी बघितला नाहीये. त्यावर बरीच पत्रं आली, काही खूश, काही चांगलीच चिडलेली. त्यातली काही इथे घेतेय. गोष्टीतलं कुठलंच गुपित फोडलेलं नाही, निर्धास्त वाचा.

प्रश्न : पहिला भाग खेळलेलो नाही. थेट दुसरा घेतला तर काही कळेल का?

सगळं कळेल. जग नवीन, माणसं नवीन, गोष्ट नवीन. पहिला भाग 2018 च्या जुलैमध्ये आला, दुसरा 2023 च्या फेब्रुवारीत, आणि दोन्हींमध्ये सारखं काय तर आठ प्रवासी, त्यांचे आठ पेशे आणि लढाईची पद्धत. हां, एक गंमत आहे, आठही जणांच्या नावांची इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की दोन्ही भागांत 'ऑक्टोपॅथ' हाच शब्द तयार होतो. माझं मत विचाराल तर दुसऱ्यापासूनच सुरू करा.

प्रश्न : ताई, पहिला भाग मी चाळीसेक तास खेळून सोडून दिला. आठ जण एकत्र फिरतात, एकमेकांसाठी मार खातात, आणि एकाची गोष्ट चालू झाली की बाकीचे सात जण जणू जन्मालाच आले नाहीत. दुसऱ्यातही तेच असेल तर मला पुन्हा त्यात पडायचं नाहीये.

तुमची तक्रार अगदी खरी आहे. पहिल्या भागात प्रत्येकाची 4 प्रकरणं, म्हणजे एकूण 32, आणि जवळजवळ प्रत्येक प्रकरणाचा साचा तोच, गावात जा, कुणाशी तरी बोला, गुहेत शिरा, शेवटी बॉस, म्हणजे एक मोठा शत्रू. मधे मधे दोघं चार शब्द बोलायचे तेवढंच. आठही गोष्टींना बांधणारा धागा होता, पण तो साइड क्वेस्टच्या, म्हणजे मुख्य गोष्टीबाहेरच्या कामांच्या मागे इतका आत लपवला होता की बऱ्याच जणांनी गेम संपवला तरी त्यांना तो दिसलाच नाही. आणि दिसला त्यांच्यासमोर काय, तर आधी आठ बॉस, मग खरा शेवटचा बॉस, मधे सेव्ह नाही, हरलात की पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या भागात हे बदललंय, आणि नुसतं वरवर नाही. इथे दोघादोघांच्या जोडीच्या वेगळ्या गोष्टी आहेत, अशा चार जोड्या. हिकारी आणि अ‍ॅग्निया, म्हणजे राज्य गमावलेला राजपुत्र आणि स्टार व्हायला घराबाहेर पडलेली नर्तकी. विद्वान ऑस्व्हाल्ड आणि व्यापारी पार्टिशिओ, शिकारी ओशेट आणि औषधवाली कास्टी, आणि माझी सगळ्यात लाडकी जोडी म्हणजे थ्रोने आणि टेमेनॉस. एक टोळीत वाढलेली चोर आणि दुसरा धर्मपीठाचा तपास अधिकारी, ही दोघं एका रस्त्याने चालताना बघायला मिळणं यासाठीच तर आपण पार्टी, म्हणजे आठातल्या चौघांचा लढणारा चमू, बनवतो ना! आठही गोष्टी आणि या जोड्या पूर्ण झाल्या की सगळ्यांचं मिळून एक शेवटचं प्रकरण उघडतं, ते शोधत बसावं लागत नाही. आणि आता सगळी प्रकरणं एका मापाची नाहीत, काहींत तर गुहाच नाही.

तरी जे सुधारलं नाही तेही सांगते. प्रत्येकाच्या स्वतःच्या प्रकरणात बाकीचे अजूनही गायबच असतात. थ्रोने टोळीच्या माणसांसमोर उभी राहते तेव्हा कटसीनमध्ये, म्हणजे गोष्ट नुसती बघायच्या प्रसंगात, ती एकटी, आणि लढाई सुरू झाली रे झाली की बाजूला तिघं हजर! मला हे आजही टोचतं. पण तुम्ही ज्या कारणाने सोडलात ते दुखणं अर्ध्याहून जास्त बरं झालंय, असं मी जबाबदारीने म्हणते.

प्रश्न : दिवस-रात्रीचं बटण म्हणजे नुसता दिखावा आहे असं माझं मत. तुम्ही त्याचं एवढं कौतुक का केलंत?

कारण मला तोच या गेमचा जीव वाटतो. एक साधा प्रसंग घ्या. एका घराच्या दारात एक माणूस आडवा उभा आहे, हलत नाहीये. दिवसा हिकारी त्याला द्वंद्वाला बोलावून हरवू शकतो. तेच बटण दाबून रात्र केली की थ्रोने मागून येऊन त्याला बेशुद्ध करते, किंवा कास्टी, ती औषधवाली, त्याला शांतपणे झोपवते. कुणाला लेव्हल लागते, कुणाला एखादी वनस्पती, कुणाला खरोखरची लढाई. दार एकच, पण तुम्ही कोण म्हणून तिथे उभे आहात त्यावर पद्धत ठरते.

आणि यातून माणसं कळतात, ते मला जास्त भावलं. टेमेनॉस दिवसा लोकांना समजावून आपल्याबरोबर घेतो आणि रात्री तशाच माणसाशी लढून त्याच्याकडून माहिती वदवतो. ऑस्व्हाल्ड हा विद्वान दिवसा निरीक्षण करतो आणि रात्री सरळ लुटतो. गेमने कुठेही भाषण दिलेलं नाही की हा माणूस दुटप्पी आहे किंवा हा आतून मोडलेला आहे, तुम्ही स्वतःच्या हाताने बटण दाबता आणि तुम्हाला कळतं. शिवाय गावातल्या किरकोळ माणसाची चौकशी केलीत तरी त्याची दोन-चार ओळींची का होईना गोष्ट लिहिलेली आहे, भाकड संवाद नाहीत. एकदा नुसतं फिरून बघा, काम न ठेवता.

प्रश्न : माझा मित्र म्हणतो की पिक्सेलचे गेम आवडणं म्हणजे फक्त बालपणीची आठवण. मला तर हे गेम लहानपणी मिळालेच नव्हते, मग मला का आवडतात?

तुझ्या प्रश्नातच मित्राला उत्तर आहे! 1986 चा 'ड्रॅगन क्वेस्ट' किंवा 1987 चा 'फायनल फँटसी' बनवणाऱ्यांकडे पिक्सेलशिवाय इलाजच नव्हता, आज इलाज आहे आणि तरी कुणीतरी तेच निवडतं, तर ती निवड बघायला हवी. याला एचडी-2डी म्हणतात, म्हणजे माणसं जुन्यासारखी चपटी पिक्सेलची, पण घरं, पाणी, उजेड, सावल्या सगळं थ्रीडी, आणि हे चालतं अनरिअल इंजिन या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर. त्यामुळे जागेला खोली येते पण चेहऱ्यावर भाव दाखवायला जागाच नसते. मग अभिनय कशातून होतो, तर एखादं पात्र पाठ फिरवतं, दोन पावलं चालतं, थांबतं. बाकीचं आपण भरतो. मला वाटतं तुला तेच आवडतंय, आपल्यासाठी सोडलेली जागा.

आणि संगीत! यासुनोरी निशिकीने दोन्ही भागांना संगीत दिलंय. हेडफोन लावून एखाद्या गावात दिवसाची रात्र कर, तीच धून वेगळ्या वाद्यांवर, वेगळ्या मनःस्थितीत पुढे चालू राहते. बॉसच्या आधीच्या संवादातून लढाईच्या धुनेत जो उतार केलाय त्याने माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

प्रश्न : लढाया फार लांबतात हो. एकेका बॉसला अर्धा तास मारत बसतो. माझं काय चुकतंय?

बहुतेक तुम्ही बूस्ट पॉइंट मिळाले की लगेच खर्च करताय. सुरुवातीला सगळे हेच करतात. नीट सांगते. शत्रूजवळ एक ढाल असते आणि तिच्यात आकडा, समजा 6. त्याचा कमकुवतपणा ज्याच्यात आहे त्या हत्याराने किंवा जादूने मारलं की आकडा एकेक उतरतो, शून्य झाला की तो ब्रेक, म्हणजे ती फेरी आणि पुढची फेरी तो गप्प आणि मार जास्त बसतो. तुम्हाला दर फेरीला एक पॉइंट मिळतो, 5 पर्यंत साठतो, एका वेळी 3 वापरता येतात. पण ज्या फेरीत वापरलात तिच्या पुढच्या फेरीला नवा मिळत नाही, हे लोक विसरतात. साधा वार 3 पॉइंट लावून केला की चार वेळा लागतो, म्हणजे ढालीतले 4 एकाच दमात गेले.

आता स्क्रीनच्या वर क्रम दिसतो तो बघा, पुढच्या फेरीत कोण आधी, कोण नंतर. ढाल 2 वर आणून ठेवा, सगळ्यांचे पॉइंट साठू द्या, पुढच्या फेरीच्या अगदी सुरुवातीला ब्रेक करा आणि मग चौघांनी एकदम सगळं ओता. कमकुवतपणा सापडत नसेल तर टेमेनॉस, कारण त्याची खास शक्ती चालू केली की कुठल्याही वाराने ढाल उतरते. पॉइंट संपले असतील तर पार्टिशिओ, तो आपल्या शक्तीने स्वतःचे पॉइंट पूर्ण भरून घेतो. आणि या भागात लढाईचा वेग दुप्पट करायची सोय आहे ती कृपया चालू करा, मी पहिल्या दिवशीच केली.

प्रश्न : तुम्ही रँडम लढायांबद्दल एक शब्द लिहिला नाहीत. चार पावलं चाललो की लढाई! आणि बाहेर बसलेल्या चौघांना अनुभव मिळत नाही, मग त्यांच्यासाठी परत लेव्हल वाढवत बसा. ही जुन्या काळाची आठवण नाही, वेळेचा अपव्यय आहे.

बरोबर बोललात, लिहायला हवं होतं. बाहेर बसलेल्यांना अनुभव न मिळणं मलाही पटत नाही, पहिल्या भागातली ही अडचण जशीच्या तशी दुसऱ्यात आणली आणि त्यासाठी एकही चांगलं कारण मला सापडत नाही. रँडम लढायांचं मात्र माझं मत थोडं वेगळं आहे, त्यांच्यामुळे रस्ता लांब वाटतो आणि गावाचे दिवे दिसले की खरंच हायसं वाटतं, पण तुम्हाला ते जाचक वाटत असेल तर तेही खरंच आहे. स्कॉलरच्या, म्हणजे ऑस्व्हाल्डच्या पेशात या लढाया कमी करणारं स्किल आहे, ते आधी घ्या. आणि एकच चौकडी शेवटपर्यंत ओढू नका, गाव बदललं की दोघं बदला, म्हणजे नंतर ग्राइंडिंगचा, लेव्हलसाठी त्याच त्याच लढाया करण्याचा, डोंगर उभा राहत नाही.

प्रश्न : माझी बारा वर्षांची मुलगी हा गेम मागतेय. चित्रं गोड दिसतात. द्यावा का?

चित्रं गोड आहेत, गोष्टी नाहीत. थ्रोनेची टोळी मुलांना मारेकरी म्हणून वाढवते, ऑस्व्हाल्डवर बायको-मुलीच्या खुनाचा आरोप आहे, हिकारीची गोष्ट युद्धाची. रक्तपात भडकपणे दाखवलेला नाही, पण विषय जड आहेत. मी नको म्हणणार नाही, पण तुम्ही शेजारी बसा. ओशेट, अ‍ॅग्निया आणि पार्टिशिओ यांच्या गोष्टींनी सुरुवात करू द्या, आणि थ्रोनेचं पहिलं प्रकरण आधी तुम्ही स्वतः बघा, मग ठरवा.

प्रश्न : सुरुवात कोणापासून करू? आठ जणांची यादी बघून अर्धा तास नुसता बसलोय.

एक लक्षात ठेवा, ज्याला पहिला निवडाल तो त्याची पूर्ण गोष्ट संपेपर्यंत पार्टीतून काढता येत नाही. म्हणून असा कोणी घ्या ज्याचा कायम उपयोग होईल. ऑस्व्हाल्ड ताकदवान आहे, पण त्याचं पहिलं प्रकरण तुरुंगात, एकट्याचं आणि लांबलचक, नवख्याला ते जड जातं.

मी कास्टी घेतली होती. ती समुद्रात एका होडीत सापडते, स्वतःचं नावसुद्धा तिला आठवत नाही, पण जखमी माणूस समोर आला की हात आपोआप पिशवीकडे जातो, कुठलं औषध कशात मिसळायचं ते बोटांना माहीत असतं. सोलिस्टिया या गेममधल्या जगाबद्दल तिला काही माहीत नाही आणि आपल्यालाही नाही. दिवसा भेटेल त्याला ती विचारत जाते, आणि आपणही.